एकाच घरातील तीन लेसर

वाचकहो, गेल्या चार वर्षांत आमच्या घरातील तीन माणसांच्या डोळ्यांवर लेसरचे उपचार झाले. नातीचा चष्मा गेला. माझी धूसर झालेली दृष्टी पाच मिनिटांच्या उपचाराने पूर्ववत झाली. आणि माझ्या यजमानांची एका डोळ्याची दृष्टी, लेसरचा उपचार अर्ध्यावर सोडल्यामुळे, कायमची गेली. शब्द तिन्ही वेळा एकच होता. त्या एका शब्दामुळे आमची किती मोठी गैरसमजूत झाली, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

मी डॉक्टर नाही. साताऱ्यातील एका शाळेत ३१ वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेली, आता ७१ वर्षांची गृहिणी आहे. शब्दांचे अर्थ मुलांना उलगडून सांगण्यातच माझे आयुष्य गेले. म्हणूनच या एका शब्दाचा अर्थ मी वेळेवर विचारला नाही, याची खंत मला जास्तच वाटते.

नातीचा चष्मा

नातीला सातव्या वर्षापासून चष्मा होता. दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे पाचच्या आसपास. सकाळी उठल्यावर तिचा हात आधी उशाजवळ चष्मा चाचपायचा, मग डोळे उघडायचे. चोविसाव्या वर्षी, पुण्यात नोकरी लागल्यावर, तिने फोन केला, “आजी, मी लॅसिक करून घेतेय. तू सोबत येशील?” डोळ्यासारख्या नाजूक अवयवाला निष्कारण हात कशाला लावायचा, असे मला वाटत होते; पण गेले.

तिथे पहिला धक्का बसला तो तपासण्यांचा. लेंस वापरणे तिला दोन आठवडे आधीच बंद करायला सांगितले होते. नंबर गेले वर्षभर स्थिर आहे ना, हे जुन्या कागदांवरून पाहिले. डोळ्याच्या अगदी पुढच्या, घड्याळाच्या काचेसारख्या पारदर्शक भागाला पारपटल म्हणतात. त्याची जाडी मोजली, त्याच्या उंचसखलपणाचा नकाशा काढला. डोळे कोरडे पडतात का, तेही तपासले. आमच्या शेजारी बसलेल्या एका मुलीला मात्र डॉक्टरांनी परत पाठवले. तिचे पारपटल पातळ होते आणि मध्यभागी शंकूसारखे पुढे येऊ लागले होते. “तुमच्यासाठी हा उपचार नाही,” असे त्यांनी तिला स्पष्ट सांगितले. ती हिरमुसली, पण माझा त्या डॉक्टरांवरचा विश्वास त्याच क्षणी बसला.

लॅसिकमध्ये नेमके काय होते, हे त्यांनी मला कागदावर रेघा ओढून समजावले. पारपटल जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. त्याच्या वरच्या थराची एक पातळ झडप उचलतात, खालचा भाग लेसरने हवा तेवढा तासतात आणि झडप पुन्हा जागेवर बसवतात. एका नंबरामागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही पुष्कळ कमी थर काढावा लागतो. पारपटलाचा बाक बदलला की प्रकाशकिरण पडद्यावर नीट जुळतात आणि चष्म्याची गरज उरत नाही. प्रत्यक्ष लेसर एका डोळ्यावर मिनिटभरही चालत नाही.

“पण भाजत नाही का हो?” असे मी विचारले. डॉक्टर हसले आणि त्यांनी एक हकिकत सांगितली. मूळचे मद्रासचे रसायनशास्त्रज्ञ रंगास्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. १९८१ साली त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी, सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसाच्या तुकड्यावर एक्सायमर नावाचा लेसर चालवून पाहिला. त्याच्या अतिनील किरणांनी काप तर सुबक गेला, पण कडा जळल्या नाहीत. हा किरण उष्णतेने जाळत नाही. रेणूंचे बंध तोडून अतिशय पातळ थर उडवून लावतो. पुढे १९८३ मध्ये स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाने श्रीनिवासन यांच्यासह हीच किमया पारपटलावर करता येते, हे दाखवून दिले. आजचे लॅसिक त्यातूनच वाढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात पलंगावर उठून बसली आणि समोरच्या भिंतीवरच्या घड्याळातले काटे तिने मला वाचून दाखवले. मग ती रडू लागली. डोळे चोळायचे नाहीत म्हणून मी तिचे हात धरून ठेवले. पुढचे काही महिने तिचे डोळे कोरडे पडत, रात्री दिव्यांभोवती वलये दिसत. थेंब घालून ते हळूहळू कमी झाले. तो आनंद खोटा नव्हता. मात्र त्याच सकाळी तिने साताऱ्याला आजोबांना फोन केला, आणि आमच्या चुकीची सुरुवात तिथून झाली.

यजमानांची आशा

माझे यजमान एस. टी. महामंडळात हिशेब विभागात होते. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचण्याचा त्यांचा नेम. मधुमेह ५२व्या वर्षी कळला. दर तीन महिन्यांनी रक्तातील साखर तपासायची, पायांना जखम नाही ना हे पाहायचे, सकाळी फिरायला जायचे, हे सर्व आम्ही निष्ठेने करत होतो. डोळ्यांसाठी मात्र आम्ही चष्म्याच्या दुकानात जात होतो.

दोन वर्षे त्यांना अंधुक दिसत होते. “नंबर वाढला असेल,” असे म्हणून एका वर्षात दोनदा काचा बदलल्या. दुकानदाराची यात चूक नाही. काच बदलून द्या, एवढेच आम्ही त्याला सांगत होतो. डोळ्यात थेंब घालून, बाहुली मोठी करून, मागचा पडदा कोणी पाहिला होता का? मी नंतर जुने कागद काढून बसले, तेव्हा लक्षात आले की ११ वर्षांत एकदाही नाही.

नातीचा फोन आल्यावर हे मला म्हणाले, “पोरीला एका रात्रीत दिसायला लागलं. माझंही लेसरच करून टाका.” त्यांनी पोस्टातली ठेव मोडायची तयारी केली. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर उत्साह दिसत होता! मुलगा पुण्याहून आला आणि आम्ही तिघे नेत्रतज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टरांनी थेंब घालून बराच वेळ डोळे पाहिले. पडद्याचा फोटो काढून पडद्यावर दाखवला. नारिंगी गोलावर लाल ठिपके, पिवळसर कण आणि एका बाजूला केसांच्या गुंत्यासारख्या बारीक रक्तवाहिन्या. ते म्हणाले, “आजोबा, लेसर करायचाच आहे. पण तो तुमच्या नातीचा लेसर नव्हे.”

वाचकहो, आम्ही तिघांनीही त्यांचे पहिले वाक्य ऐकले. दुसरे कानावर पडले, मनात शिरले नाही.

आता ते मला नीट कळते, म्हणून तुम्हाला सांगते. दीर्घकाळच्या मधुमेहाने पडद्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब होतात. पडद्याच्या ज्या भागांना रक्त पुरत नाही, ते उपाशी भाग नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून रासायनिक संदेश पाठवू लागतात. त्या नव्या वाहिन्या मात्र फार तकलादू असतात. त्या फुटल्या की डोळ्याच्या आत रक्तस्राव होतो. त्यांच्याबरोबर वाढणाऱ्या तंतूंनी पडदा ओढला जाऊन सुटूही शकतो. म्हणून डॉक्टर पडद्याच्या कडेच्या भागावर लेसरचे शेकडो बारीक चटके देतात. हे चटके जाणूनबुजून दिलेले असतात. कडेच्या भागाची भूक कमी केली की संदेश थांबतात, नव्या वाहिन्या सुकतात आणि नेमके पाहण्याचे काम करणारा मधला भाग वाचतो. म्हणजे शेताचे बांध सोडून मधले पीक राखायचे, असा हा हिशेब आहे. त्याची किंमतही मोजावी लागते: कडेची नजर आणि अंधारातले दिसणे थोडे कमी होते.

नातीचा लेसर डोळ्याच्या पुढच्या काचेवर चालला, यजमानांचा त्या काचेतून पार जाऊन मागच्या पडद्यावर. तिच्या लेसरने न जाळता आकार दिला, यांच्या लेसरने मोजूनमापून जाळले. तिला दृष्टी स्वच्छ करून मिळाली. यांना मिळायचे होते ते फक्त संरक्षण.

अर्ध्यावर सोडलेले काम

प्रत्येक डोळ्यासाठी तीन ते चार बैठका लागतील, असे सांगितले होते. दोन-दोन झाल्या. प्रखर हिरवा उजेड डोळ्यांवर चमके, काही चटके दुखत. घरी आल्यावर दोन दिवस त्यांना आणखीच अंधुक दिसे. चौथ्या खेपेनंतर ते खुर्चीत बसून म्हणाले, “चार वेळा जाऊन आलो. एक अक्षर जास्त दिसलं नाही. पोरीला एका दिवसात दिसलं. आता पुरे.”

इथे मी ठामपणे बोलायला हवे होते. मी बोलले नाही. त्यांची निराशा मला पाहवत नव्हती. आणि खरे सांगायचे तर मलाही वाटू लागले होते की हा लेसर लागू पडला नाही. मुलाचा फोन आला की मी सांगे, “त्यांना जरा बरं वाटत नाही, पुढच्या महिन्यात नेऊ.” पुढचा महिना पुढे सरकत राहिला. असे सात महिने गेले.

दिवाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे मी त्यांच्या पाठीला उटणे लावत होते. ते म्हणाले, “अगं, दिवा काजळी धरतोय का? धूर दिसतोय.” दिवा स्वच्छ जळत होता. दुपारपर्यंत त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे आधी कोळिष्टके, मग लालसर काळोख आला. आत रक्तस्राव झाला होता. पुढे शस्त्रक्रिया करून रक्त काढले, पण तोवर पडद्याचा मधला भागही ओढला गेला होता. त्या डोळ्याला आज समोर हलणारा हात तेवढा कळतो.

मी डॉक्टरांना विचारले, “आम्ही मध्येच थांबलो नसतो तर?” त्यांनी मला दोष दिला नाही, खोटा दिलासाही दिला नाही. “एका माणसाबद्दल खात्रीनं सांगता येत नाही,” ते म्हणाले. “पण सत्तरच्या दशकात अमेरिकेत यावर मोठा अभ्यास झाला. या लेसरमुळं नजर फार खालावण्याचा धोका निम्म्यानं, किंबहुना त्याहूनही अधिक कमी होतो, हे तेव्हाच सिद्ध झालंय.”

डाव्या डोळ्याचा राहिलेला लेसर त्याच महिन्यात पूर्ण केला. त्याला तीन वर्षे झाली. भरपूर उजेडात ते त्या डोळ्याने मोठे मथळे वाचतात. पूर्वीही तेवढेच वाचत होते. तो डोळा सुधारला नाही, पण बिघडलाही नाही. या लेसरचे यश हेच असते, हे समजायला आम्हाला एक डोळा गमवावा लागला.

माझा लेसर

माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ६६व्या वर्षी झाले होते. सगळ्यांना मी “लेसरने झालं” असेच सांगत असे. तेही चुकीचे होते. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे. आज बहुतेक ठिकाणी ते भिंग ध्वनीलहरींच्या कंपनाने फोडून बारीकशा छेदातून शोषून घेतात आणि त्याच्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. काही टप्प्यांसाठी लेसर वापरण्याची महागडी पद्धतही आहे. परंतु बहुतेक रुग्णांत दोन्हींचे निकाल साधारण सारखेच येतात, असे मोठ्या अभ्यासांत दिसले आहे. डोळ्यात कृत्रिम भिंग प्रथम बसवले ते लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी, १९४९ साली. लढाऊ विमानांच्या छताचे प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरूनही डोळा ते सहन करतो, हे त्यांनी युद्धकाळात पाहिले होते.

ऑपरेशननंतर तीनेक वर्षे मला लखलखीत दिसत होते. मग हळूहळू धुके आले. रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे पसरत. मोतीबिंदू परत आला, अशी माझी समजूत झाली. मी कोणालाच सांगितले नाही. घरात डोळ्यांचा एक रुग्ण पुरे, असे वाटले. त्यात लेसर या शब्दाचीच आता भीती बसली होती.

माझ्या या मौनाची झळ पुन्हा यजमानांनाच बसली. त्यांना रोज सकाळी इन्सुलिन मी देते. एके दिवशी अकराच्या सुमारास ते घामाने डबडबले, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. शुद्धीवर होते म्हणून चटकन साखरेचे पाणी पाजले आणि थोड्या वेळात ते सावरले. (माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालयात न्यावे.) दुसऱ्या दिवशी नात घरी आलेली होती. मी भरलेली सिरिंज तिने सहज हातात घेतली आणि म्हणाली, “आजी, हे बारा नाही. सोळा आहे.”

माझे हातपाय गार पडले. त्या बारीक रेघा मी किती दिवस अंदाजाने वाचत होते, देव जाणे.

त्याच दुपारी नातीने मला डॉक्टरांकडे नेले. मोतीबिंदू परत येत नसतो, हे तिथे कळले. कृत्रिम भिंग ज्या नैसर्गिक पिशवीत बसवतात, तिचा मागचा पापुद्रा काही जणांत काही महिन्यांनी किंवा वर्षांनी गढूळ होतो. यॅग नावाच्या लेसरने त्या पापुद्र्याला मधोमध एक खिडकी पाडतात. मी यंत्रापुढे हनुवटी टेकवून बसले. बारीक टिकटिक ऐकू येत होती. प्रत्येक टिकटिकीला किरणाचा एक सूक्ष्म स्फोट पापुद्रा फाडत होता. दुखले नाही, टाका नाही, पट्टी नाही. पाच मिनिटांत उठले. थेंबांचा अंमल उतरल्यावर संध्याकाळी धुके गेलेले होते. चार-सहा दिवस डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगत राहिले, तेही विरळ झाले. हा पापुद्रा एकदा उघडला की सहसा पुन्हा उघडावा लागत नाही. तरी अचानक चमका दिसल्या किंवा पडदा सरकल्यासारखे वाटले तर लगेच यायचे, हे डॉक्टरांनी मला दोनदा बजावले. कारण क्वचित अशा उपचारानंतर पडदा सुटू शकतो.

त्या संध्याकाळी यजमानांचा चेहरा मी फार दिवसांनी स्पष्ट पाहिला. दाढी करताना हनुवटीखाली केस राहून गेले होते. माझा आवाज येईल त्या दिशेला ते मान वळवत होते.

“दिसलं का?” त्यांनी विचारले.

“दिसलं.”

“मग तुझा लेसर चांगला होता.”

मी त्यांच्याजवळ बसले. म्हटले, “अहो, तुमचाही चांगलाच होता. आपणच तो अर्ध्यावर सोडला. मी तुम्हाला नेलं नाही.”

तीन वर्षांत हे वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारले नव्हते. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “माझी पुढची तारीख कधीची आहे?”

आपण काय विचारावे

लेसर हे उपचाराचे नाव नाही. ते हत्याराचे नाव आहे. सुरीने भाजी चिरतात आणि पेन्सिलीला टोकही काढतात. तेव्हा “लेसर करा” असे कोणी म्हटले की घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. आम्ही जे विचारले नाही, ते तुम्ही विचारा.

पहिला प्रश्न: आजार डोळ्याच्या कोणत्या भागात आहे? पुढच्या पारपटलात, भिंगात, मागच्या पडद्यात की डोळ्याच्या नसेत? डॉक्टरांना कागदावर चित्र काढायला सांगा. त्यात संकोच नको.

दुसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: या लेसरने गेलेली दृष्टी परत मिळणार आहे की उरलेली राखली जाणार आहे? मधुमेहाचा पडद्यावरचा लेसर राखणारा आहे. काचबिंदूत डोळ्यातील द्रवाला वाट करून देण्यासाठी किंवा दाब उतरवण्यासाठी करतात तो लेसरही राखणाराच. राखणाऱ्या उपचारानंतर “काही फरक पडला नाही” हीच आनंदाची बातमी असू शकते. हे रुग्णाला उपचाराआधी सांगायला हवे, म्हणजे तो मध्येच रुसत नाही.

तिसरा प्रश्न: किती बैठका लागतील आणि मध्येच थांबलो तर काय होईल? उत्तर घरातील दोन माणसांनी ऐकावे आणि एकाने लिहून घ्यावे. यासोबत डोळ्यात इंजेक्शने लागतील का, हेही विचारावे. पडद्याच्या मधल्या भागाला सूज असेल तर आज अनेकदा तीच द्यावी लागतात.

चौथा प्रश्न: नंतर कोणती लक्षणे दिसली तर त्याच दिवशी यायचे? सर्वांनीच लक्षात ठेवावीत अशी काही लक्षणे आहेत. अचानक चमका दिसणे, काळ्या ठिपक्यांचा सडा पडणे, एका बाजूने पडदा आल्यासारखे वाटणे किंवा दृष्टी एकाएकी कमी होणे. डोळा लाल होऊन तीव्र दुखू लागला, दिव्यांभोवती इंद्रधनुष्यासारखी वलये दिसली आणि उलट्या झाल्या, तर ते पित्त समजून घरी थांबू नये.

आमच्या वयाच्या वाचकांना नातीचा लेसर हवासा वाटतो, हे मी जाणते. पण सत्तरीत अंधुक दिसण्याचे कारण बहुधा पारपटलात नसतेच. भिंग गढूळ होत असेल तर पारपटल तासून काय उपयोग? मोतीबिंदूच्या वेळी योग्य शक्तीचे भिंग निवडूनच चष्म्याचा नंबर बराच उतरवता येतो. घरातील तरुणांनी मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लॅसिक झाले तरी चाळिशी चुकत नाही. वेळ आली की वाचायला चष्मा लागतोच. आणि लॅसिकपूर्वीच्या नंबरांचे व मोजमापांचे कागद जन्मभर जपून ठेवावेत. पुढे मोतीबिंदू झाला, तर भिंगाची शक्ती ठरवताना डॉक्टरांना त्यांचा फार उपयोग होतो.

मधुमेह असलेल्या प्रत्येकाने, दिसण्याची काहीही तक्रार नसली तरी, डोळ्यात थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. प्रौढ वयात मधुमेह कळला तर कळल्याबरोबर आणि मग साधारणपणे दरवर्षी. आजार दिसला तर डॉक्टर सांगतील तितक्या लवकर. सुरुवातीला या आजारात काहीच कळत नाही, हाच त्यातला धोका. थेंबांनंतर काही तास अंधुक दिसते आणि उजेड सहन होत नाही. म्हणून सोबत माणूस न्यावा, गडद चष्मा न्यावा आणि स्वतः गाडी चालवू नये. साखरेइतकेच रक्तदाबाकडेही लक्ष असावे.

आणि सेवा करणाऱ्यांनो, एक विनंती तुम्हाला. तुमचे डोळे आता फक्त तुमचे राहिलेले नाहीत. औषधाच्या बाटलीवरचे नाव, सिरिंजवरची रेघ, पायाची बारीक जखम, हे सर्व रुग्ण तुमच्या डोळ्यांनी पाहत असतो. धूसर दिसत असेल तर ते लपवणे हा त्याग नव्हे. मी तो त्याग समजले होते, आणि चार युनिटांची चूक करून बसले होते.

आमच्या स्वयंपाकघरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आता लाल शाईने तारखा लिहिलेल्या असतात. दर चार महिन्यांनी यजमानांच्या डाव्या डोळ्याची तपासणी, वर्षातून एकदा माझी. नातीची लॅसिकची फाईल माझ्या लोखंडी कपाटात, घराच्या कागदांशेजारी आहे. सिरिंज मी भरल्यावर खिडकीजवळच्या उजेडात पुन्हा एकदा वाचते आणि आकडा मोठ्याने उच्चारते. यजमान तो ऐकून “बरोबर” म्हणतात, मगच टोचते.

हा अंक खाली ठेवण्यापूर्वी घरातील मधुमेही माणसाला एवढेच विचारा: डोळ्याचा पडदा शेवटचा कधी तपासला? उत्तर आठवत नसेल, तर आजच दिनदर्शिकेत तारीख लिहा, आणि त्या दिवशी सोबत तुम्ही स्वतः जा.